निवांत गांव

परीक्षा संपल्या आणि उन्हें तापूं लागलीं, म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतल्या सुशिक्षित कुटुंबांत एक विषय हमखास निघतो: यंदा कोठें जावयाचें? पूर्वीं याचें उत्तर ठरलेलें असे. पंढरपूर, तुळजापूर, फार झालें तर काशी. आतां तें बदललें आहे. कोंकणांत, समुद्रकांठीं, एखाद्या निवांत गांवीं, असें मुलेंहि म्हणतात आणि वडील माणसेंहि. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाहीं. उत्तरेला गोदावरी, मध्यें बालाघाटाचे माळ, दक्षिणेला मांजरा, आणि पाऊस वर्षाकाठीं सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आंतच. अशा मुलुखांतील माणसाला अथांग पाण्याची ओढ वाटावी यांत नवल नाहीं. नवल वाटतें तें ‘निवांत’ या विशेषणाचें. समुद्र तर मुंबईलाहि आहे. मग आम्ही मुंबई टाळून मंडणगड तालुक्यांतील वेळाससारख्या आडवळणाच्या गांवाची वाट धरतों ती कशासाठीं? विचारलें तर बहुतेकांचें उत्तर एकच येतें: तेथें शांतता आहे.

ही शांतता कोठून येते, आणि ती उपभोगणाऱ्यावर तिचें कांहीं ऋण राहतें काय, एवढाच प्रश्न या लेखांत आम्हांला विचारांत घ्यावयाचा आहे. सुटीचे चार दिवस मजेंत घालविण्यास निघालेल्या माणसाच्या मागें नीतिशास्त्राचा ससेमिरा कशाला, असें कोणी म्हणेल. पण कामांत असतांना माणसाचें वर्तन नियमांनीं आणि वरिष्ठांच्या धाकानें बांधलेलें असतें. तो मोकळा सुटला म्हणजे काय पाहतो आणि काय पाहावयाचें टाळतो, यावरून त्याची दृष्टि अधिक कळते, अशी आमची समजूत आहे.

वेळास हा गांव बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस, सावित्री नदी समुद्राला मिळते तेथून जवळच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचीं घरें, नारळीपोफळींच्या वाड्या, वाड्यांमधून गेलेली अरुंद पाखाडी, आणि शेवटीं वाळूचा लांब पट्टा. पाहतांच मन निवतें हें खरें. पण मराठ्यांच्या इतिहासांत या गांवाचें नांव आलें तें तेथून निघून गेलेल्या माणसांमुळें. नाना फडणिसांचें भानु घराणें मूळचें येथलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं तें घाट चढून देशावर आलें, आणि नानांचा जन्म १७४२ सालीं साताऱ्यास झाला. भानूंच्या मागून कोंकणांतील आणखी किती घराणीं वर गेलीं त्यांची गणती कोणी ठेवली नाहीं. पुढें पेशवाई बुडाली, मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि घाट चढण्याऐवजीं लोक आगबोटींत बसून मुंबईस जाऊं लागले. गिरणींत नवरा, गांवीं बायको, आणि महिन्याकाठीं मनिऑर्डर, अशी संसाराची रीत पिढ्यानुपिढ्या चालली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली. पण माणसांचा ओघ कांहीं उलट फिरला नाहीं. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या मध्यें साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली असतां रत्नागिरी जिल्ह्याची सोळा लक्ष शहाण्णव हजारांवरून सोळा लक्ष पंधरा हजारांवर उतरली. त्याच जिल्ह्यांत २०११ सालीं दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून स्त्रियांच्या भाग्याची वाखाणणी करण्यापूर्वीं पुरुष गेले कोठें, असें विचारावें लागतें.

तेव्हां ज्या शांततेसाठीं आम्ही इतका प्रवास करतों ती केवळ समुद्राची आणि झाडांची नव्हे. समुद्र शांत नसतोच. तो रात्रंदिवस गाजत असतो. शांत असतात तीं घरें. आम्ही ज्या घरीं उतरलों होतों तेथील वृद्ध बाईंना आमच्यांतील एकीनें मोठ्या कौतुकानें म्हटलें कीं, तुमचा गांव किती शांत आहे हो! त्या भाकरी थापतां थापतां म्हणाल्या, “शांत कसला ताई! पोरें मुंबईस, सुना मुंबईस. गणपतींत या, मग बघा. अंगणांत पाय ठेवायला जागा नसते.” गणपतींत आणि शिमग्याला चाकरमानी गांवीं येतात, पालखी नाचते, रात्र रात्र भजनें चालतात, बंद घरांचीं दारें उघडतात, गांव त्या दिवसांत आपल्या खऱ्या स्वरूपांत असतो. आम्ही पाहुणे मात्र नेमके तेव्हां जात नाहीं. तेव्हां गाड्यांना गर्दी असते, आणि गांवांत गडबड असते! गांवाचीं माणसें नसतांना जो गांव पाहावयाला मिळतो, त्यालाच आम्ही निवांत म्हणतों.

हें ऐकून दुसरा कोणी कदाचित् चकित झाला असता. आम्हां बीडकरांना चकित होण्याचा अधिकार नाहीं. दसरा-दिवाळी उलटली कीं पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या बाजूच्या खेड्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं तो कोयता सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणें, थेट कर्नाटकापर्यंत जातो, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परत येतो. जाणारीं माणसें लाखांनीं मोजावीं लागतात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, आणि आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवलेलीं शाळकरी मुलें. पौषांत भर दुपारीं अशा एखाद्या खेड्यांतून चालत जावें. ओळीनें दारांना कुलुपें, एखाद्या ओट्यावर गोधडी शिवीत बसलेली म्हातारी, पारावर निजलेलें कुत्रें. एखादा परका चित्रकार तेथें आला तर माळावरचें पिवळें ऊन आणि बाभळींची विरळ सांवली पाहून त्याला हाहि गांव निवांतच वाटेल, आणि त्याचें चित्र कदाचित् उत्तम उतरेल. आम्हांला मात्र त्या गांवाला निवांत म्हणवत नाहीं, कारण कुलपामागची हकीकत आम्हांला ठाऊक असते. कोंकणांतल्या कुलपामागची हकीकत ठाऊक नसते, म्हणून तेथें जीभ अडखळत नाहीं.

या ठिकाणीं सौंदर्यशास्त्रांतला एक जुना मुद्दा पुढें येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, सुंदर वस्तूपासून होणारा आनंद निरपेक्ष असतो. ती वस्तु आपल्या उपयोगाची आहे कीं नाहीं, ती असावी कीं नसावी, याच्याशीं त्याचा संबंध नसतो. आणि त्यानें दाखलाहि मोठा मार्मिक दिला आहे. समोर राजवाडा आहे. तो सुंदर आहे काय, असें कोणी मला विचारलें, तर मी रूसोप्रमाणें रागावून म्हणूं शकेन कीं, अनावश्यक डौलासाठीं प्रजेचा घाम खर्ची घालणाऱ्या थोरांचा धिक्कार असो. कांट म्हणतो, हें सर्व मान्य करतां येईल, पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न एवढाच होता कीं, नुसतें पाहिलें असतां राजवाडा सुंदर वाटतो कीं नाहीं.

राजवाड्यापुरतें कांटचें म्हणणें आम्हांला पटतें. वेरूळचें कैलास लेणें पाहतांना तें कोरणाऱ्या हातांना काय मजुरी मिळाली, हा विचार बाजूस ठेवतां येतो. ठेवावा असें नव्हे, पण ठेवतां येतो. शिखराची उंची, खांबांची घडण, हत्तींची रांग हे त्या दगडाचे गुण आहेत आणि कारागिराच्या दैन्यावांचूनहि ते तसेच राहिले असते. निवांत गांवाचें तसें नाहीं. येथें आम्ही ज्या गुणाची स्तुति करतों तो गुण म्हणजेच माणसांचें तेथें नसणें होय. तें नसणें बाजूस काढून निवांतपणा शिल्लक ठेवतां येत नाहीं. गांवांतून मुलगे गेले नसते, सुना गेल्या नसत्या, तर पाखाडीवर भांडणें झालीं असतीं, विहिरीवर गलका असता, किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्यांची आरडाओरड असती. आणि आम्ही दुसरा गांव शोधला असता. तेव्हां ‘प्रश्न तो नव्हता’ असें म्हणून येथें सुटतां येत नाहीं. शांततेच्या आस्वादांतच तो प्रश्न बसलेला आहे.

‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण या बाबतींत कांटच्या पुढें एक पाऊल आहे असें आम्हांला वाटतें. शोभा ही पाहणाऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते, हें तिनें ओळखलें आहे. मात्र जवळ गेल्यावर शोभा नाहींशी होते, हा जो तिचा गर्भित अर्थ, तो आम्हांला पुरता पटत नाहीं. त्या बाईंचें बोलणें ऐकल्यावर संध्याकाळीं आम्ही पुन्हां किनाऱ्यावर गेलों, तेव्हां समुद्र कालच्याइतकाच सुंदर होता. फरक एवढाच झाला कीं, वाटेवरचीं बंद घरें आतां चित्रांतलीं वाटत नव्हतीं; तीं कोणाचीं तरी होतीं.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, अशा रीतीनें प्रत्येक सुखाच्या मुळाशीं कोणाचें दुःख आहे तें खणीत बसल्यास कोणतेंच सुख उरणार नाहीं. सकाळच्या चहांतल्या साखरेमागेंहि आमच्याच जिल्ह्याचा कोयता आहे; म्हणून काय चहा सोडावयाचा? आमचें म्हणणें तसें नाहीं. ऋण आहे हें मान्य करणें निराळें आणि दिवाळें काढणें निराळें. ज्या माणसाला आपल्या घरावर कर्ज आहे हें ठाऊक असतें तोहि त्या घरांत सण साजरे करतोच. सुटीवर गेलेल्या माणसानें सुतकी चेहरा करून वाळूंत बसावें अशी कोणाचीच अपेक्षा नाहीं, त्या वृद्ध बाईंची तर मुळींच नाहीं; त्यांना हंसता पाहुणा आवडतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आम्ही खोलीचे आणि जेवणाचे पैसे देतों. त्या पैशांवर गांवांतील चार घरें चालतात, एखादा मुलगा मुंबईस जावयाचा थांबतो. मग आणखी ऋण तें कसलें? यांतील पूर्वार्ध अगदीं खरा आहे, आणि पाहुण्याच्या पैशाला नाक मुरडणारे लोक बहुधा पोटभर जेवलेले असतात. पण पैसे दिले ते खोलीचे आणि ताटाचे. बिलांत शांततेची ओळ नसते, आणि मुलांची गैरहजिरी विकण्याचा अधिकार आईलाहि नसतो. शिवाय पैशानें एक वाईट खोड लागते. पैसे मोजले कीं आम्ही पाहुणे राहत नाहीं, गिऱ्हाईक होतों. आणि गिऱ्हाइकाला सर्व कांहीं मागण्याचा हक्क आहे असें वाटूं लागतें. पाण्याचेंच पाहा. कोंकणांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो जांभ्यांतून झिरपून आणि उतारावरून धांवून समुद्रास मिळतो, आणि वैशाखांत कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गांठतात. अशा वेळीं घरीं एका बादलींत स्नान उरकणारे आमचे बीडकर तेथें तीन तीन बादल्या अंगावर ओततांना आम्हीं पाहिले आहेत. सुटीवर जातांना माणूस आपला दुष्काळ घरीं ठेवून जातो!

जुन्या यात्रेची आणि हल्लींच्या सहलीची तुलना येथें मनांत येते. आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणांतील अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवता. समुद्रकांठची माणसें शेंकडों वर्षें आमच्या या कोरड्या डोंगराळ मुलुखांत येत आहेत. तीहि केवढी वाट तुडवून! रेल्वे नव्हती, मोटारी नव्हत्या, वर निजामाचें राज्य होतें आणि गांवाचें नांव सरकारी दप्तरीं मोमिनाबाद होतें, तेव्हांहि तीं येत. तीं येथें शांतता शोधण्यास येत नाहींत. एक जुनें देणें फेडण्यास येतात. खणानारळानें ओटी भरावयाची, उपाध्यांच्या वहींत आजापणजांचीं नांवें पाहावयाचीं, मुलाचें नांव लिहावयाचें. यात्रेकरूहि गांवाला कांहीं कमी त्रास देत नाहीं, घाण करतो, गर्दी करतो. आणि यात्रेच्या ठिकाणीं त्याला लुबाडणारेहि भेटतात. आम्ही जुन्या काळाचें गोडवे गात नाहीं. पण यात्रेकरूच्या मनांत आपण येथें कांहीं तरी द्यावयास आलों आहों अशी एक समजूत असते. सहलीला निघालेल्याच्या मनांत आपण येथून कांहीं तरी घेऊन जाणार आहों एवढीच असते: विसावा, गोरा झालेला किंवा काळवंडलेला रंग, आणि मोबाइलमध्यें भरलेलीं छायाचित्रें.

वेळासला हें घेण्यादेण्याचें गणित एका निराळ्या प्राण्याच्या निमित्तानें थोडें सुधारलें आहे. तेथील वाळूंत हिंवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकांसवें रात्रीं येऊन अंडीं घालतात. मादी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. आपलीं पिलें ती कधींच पाहत नाहीं. पूर्वीं हीं अंडीं माणसें उकरून नेत, कोल्हेकुत्रीं खात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें आणि ग्रामस्थांनीं मिळून तीं कुंपणांत सुरक्षित पुरण्याचा क्रम चालविला. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें निघतात, आणि सकाळसंध्याकाळ तीं समुद्राकडे सोडतांना पाहण्यास लोक जमतात. उतरण्याची व्यवस्था ग्रामस्थांच्या घरींच. पाहुण्यांना दोरीच्या अलीकडे उभें करतात, आवाज करूं नका, दिवे लावूं नका, असें बजावतात. पिलूं वाळूंतून बाहेर आलें कीं उजेडाच्या दिशेनें चालूं लागतें. अंधारांत तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो, पण किनाऱ्यावर दिवा लावला तर तें दिव्याकडे वळतें आणि मरतें. एवढ्यासाठीं शेंकडों माणसें निमूट उभीं राहतात. अर्धा तास जाऊन एखादेंच पिलूं निघतें, कधीं निघतहि नाहीं, आणि तेवढ्यासाठीं कोणी भांडत नाहीं. येथें गिऱ्हाईक क्षणभर पुन्हां पाहुणा होतो. ही शिस्त कांसवाच्या पिलापुरतीच कां असावी, तें ज्या गांवाच्या वाळूंत वाढलें त्या गांवाच्या विहिरीला, झोपेला आणि देवळाला ती कां लागूं नये, हें आम्हांला कळत नाहीं.

आतां याच विचाराची दुसरी टोंकाची बाजू. ज्याला हें सर्व कळतें त्यानेंच जावें, इतरांनीं गर्दी करूं नये, असें म्हणावयाचें काय? इंग्रज कवि वर्ड्स्वर्थ यानें तसें म्हटलें होतें. १८४४ सालीं त्याच्या आवडत्या सरोवरांच्या प्रदेशांत आगगाडी नेण्याचें ठरलें, तेव्हां त्यानें वृत्तपत्रांतून कडाडून विरोध केला. सृष्टिसौंदर्याची अभिरुचि उपजत नसते, ती हळूहळू घडावी लागते. कारखान्यांतल्या मजुरांना गाड्या भरभरून तेथें आणून ओतल्यानें त्यांना लाभ होणार नाहीं आणि तेथला एकांत मात्र बिघडेल, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्यानें स्वतः त्या प्रदेशाचें प्रवासवर्णनपर मार्गदर्शक पुस्तक लिहिलें होतें त्यानेंच दार लावून घ्यावें, यांतली गंमत त्याच्या काळींहि लोकांच्या ध्यानांत आली. तीन वर्षांत आगगाडी आलीच.

आम्हांला वर्ड्स्वर्थचें म्हणणें मान्य करवत नाहीं, आणि त्याचें कारण पुन्हां आमच्या जिल्ह्यांतच आहे. कोल्हापूर जिल्ह्यांत ऊस तोडणारा आमचा माणूस समुद्रापासून एका घाटाच्या अंतरावर असतो. आंबा घाट उतरला कीं रत्नागिरीची वाट लागते. वर्षांतले पांचसहा महिने तो तेथें राहतो, पांचटाच्या खोपींत निजतो, पहांटे थंडींत फडांत उतरतो. अशीं दहा दहा वर्षें गेलेल्यांपैकीं कितींनीं समुद्र पाहिला असेल? त्यांच्या मुलांपैकीं कितींनीं? हंगाम संपला म्हणजे ट्रक थेट गांवाकडे वळतो, कारण उचलीचा हिशेब व्हावयाचा असतो आणि खरिपाचें रान धरावयाचें असतें. तो माणूस उद्यां समुद्र पाहण्यास आला, आणि त्यानें कांटहि वाचलेला नसला, तर त्याच्यापुढें दार लावून घेण्याचा अधिकार कोणाला? उलट निवांतपणा कशाचा बनलेला असतो हें त्याला आमच्यापेक्षां लवकर कळेल. बंद घर पाहिलें तर तो पहिल्यानें विचारील कीं, हीं माणसें कोणत्या कारखान्याला गेलीं?

राहतां राहिली गोष्ट परतभेटीची. निरोप घेतेवेळीं त्या बाईंनीं आमच्या मुलुखाची चौकशी केली, आणि योगेश्वरीला एकदां यावयाचें आहे असें म्हणाल्या. अवश्य या, असें आम्हींहि म्हटलें. त्या आल्या तर त्यांना काय दाखवावयाचें, याचा बेत आम्ही परतीच्या वाटेवर करीत होतों. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधि, परळीला वैजनाथ, बीडला जमिनीखालच्या पाटांनीं मळ्यांना पाणी पुरविणारी निजामशाहींतली खजाना विहीर, मांजरसुंब्याजवळ कपिलधार, पाटोद्याच्या बाजूला सौताड्याचा धबधबा. धबधबा पाहावयाचा तर पावसाळ्यांत आलें पाहिजे. श्रावणांत आमचा बालाघाटहि हिरवा असतो आणि गांवें माणसांनीं भरलेलीं असतात. पण कोंकणांत त्या वेळीं शेतीचीं कामें आणि पुढें गणपति. तेव्हां त्या यावयाच्या म्हणजे बहुधा मार्गशीर्षांत-पौषांत, योगेश्वरीच्या उत्सवाच्या सुमारास. त्या दिवसांत हवा गार असते, रस्ते मोकळे असतात. धारूरच्या घाटांतून जातांना त्या मोटारीच्या खिडकींतून बाहेर पाहतील, आणि एखाद्या गांवाकडे बोट दाखवून विचारतील कीं, येथलीं घरें बंद कां हो? त्यांच्या तोंडून ‘किती शांत गांव’ असे शब्द निघतील असें आम्हांला वाटत नाहीं.